संशोधनाचे शिक्षण आणि आपली मुले

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण. स्मरणिकेसाठी काही भाग थोडा विस्ताराने लिहिला आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावासमोर 'अर्थशास्त्र व व्यवस्थापन या विषयांत पीएच.डी. करणाऱ्यांचे संशोधन-प्रशिक्षण' असा भारदस्त विषय छापला आहे. तो वाचून प्रथम माझ्या घरीच हसू झाले. मी मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. झालेला, बँकेतला कारकून. पीएच.डी. काही मी केलेली नाही. पण चिटणीसांनी सांगितले की, आपल्या तिन्ही गावांतली काही मुले-मुली सध्या पीएच.डी.साठी नोंदलेली आहेत, त्यांच्या आईवडिलांना हे शिक्षण नेमके कसले असते ते कळत नाही, आणि ज्या प्राध्यापकांना विचारले त्यांच्याकडे मोकळी तारीख नाही. तेव्हा तारीख मोकळी असलेला माणूस म्हणून माझी निवड झाली.

आईवडिलांचे म्हणणे खरे आहे. मुलगी एम.कॉम. झाली, नेट झाली, आता पुन्हा पाच वर्षे काय शिकते? परीक्षा नाही, निकाल नाही, शेजाऱ्यांना पेढे द्यायला निमित्त नाही. मी त्यांना माझ्या कामातले उदाहरण देतो. बँकेत व्हाउचरशिवाय खात्यात नोंद होत नाही. रक्कम बरोबर असली, माणूस ओळखीचा असला, साहेबांनी तोंडी सांगितले असले, तरी व्हाउचर लागते. पीएच.डी.चे शिक्षण म्हणजे आपल्या प्रत्येक वाक्याचे व्हाउचर दाखवायची सवय. 'हे तुला कसे कळले?' असे कोणीतरी पाच वर्षे विचारीत राहते आणि आपण उत्तर शोधत राहतो. कालाम लोकांना तथागतांनी जो उपदेश केला, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतात म्हणून मान्य करू नका, तो आपण विहारात दर वर्षी ऐकतो. तो अंगी बाणवायला किती श्रम पडतात, हे मला माझ्या भाचीमुळे कळले.

भाचीने व्यवस्थापन विषयात पीएच.डी.ला नाव नोंदवले. विषय ठरला उल्हासनगरातल्या जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांतील स्त्री कामगारांचे 'कार्यसमाधान'. उल्हासनगरची जीन्स देशभर जाते, हे तुम्हाला माहीत आहेच. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारी यांच्या हस्ते गावाची पायाभरणी झाली, आणि ज्या हातांना दुसरे काही उरले नव्हते त्यांनी गाळ्या-गाळ्यांत धंदा उभा केला. त्या गाळ्यांत आज आपल्याही बाया आहेत.

तिच्या प्रश्नावलीत चाळीस विधाने होती आणि प्रत्येकापुढे पाच चौकोन: पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत. एका रविवारी ती एकटी कशी जाणार म्हणून मी बरोबर गेलो. गाळ्यात आठ मशिनी, वर पत्रा, कोपऱ्यात धाग्यांचा आणि कापडाच्या कातरणाचा ढीग. शेठ सज्जन माणूस, त्याने चहा मागवला आणि स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसला. भाची विचारी, बाया शेठकडे बघत आणि म्हणत, "हो, बरं आहे." चाळीस विधाने, चाळीस वेळा बरं आहे. तासाभरात पाच फॉर्म भरून झाले. सगळ्या पूर्ण सहमत.

बाहेर पडताना एक बाई चपला घालायच्या निमित्ताने मागे आली. म्हणाली, "ताई, आमचं समाधान लिहून नेलंत. आमचा नगाचा भाव कुठं लिहिलाच नाही." आणि पिशवीतून एक वही काढली. शाळेची, मुलाची अर्धी भरलेली वही, उलट बाजूने सुरू केलेली. रोज किती नग शिवले, कोणत्या दिवशी माल आला नाही, कोणत्या दिवशी लाईट गेली, उचल किती घेतली आणि हिशेबात किती कापली. दोन वर्षांच्या नोंदी.

मित्रहो, मी वीस वर्षे खातेवह्या पाहतो आहे. इतकी चोख वही मी क्वचित पाहिली. भाची रिक्षात गप्प होती. घरी आल्यावर तिने ते पाच फॉर्म फाडले नाहीत, एका पाकिटात घालून वर तारीख घातली आणि लिहिले, 'मालक समोर असताना भरलेले.' त्या दिवशी तिला संशोधन येऊ लागले, असे मी मानतो.

पुढची अडचण नमुन्याची. तिला सांगण्यात आले होते की ३८४ फॉर्म भरून आण. ३८४ का? सगळे ३८४ घेतात म्हणून. व्यवस्थापनाचे कितीतरी प्रबंध उघडा, हाच आकडा निघेल. त्याचा उगम शोधायला तिला आठ दिवस लागले. क्रेजसी आणि मॉर्गन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९७० साली एक तक्ता छापला. लोकसंख्या फार मोठी असेल आणि पाच टक्क्यांपर्यंतची चूक चालणार असेल, तर किती माणसे विचारावीत, याचे त्यात ३८४ असे उत्तर आहे. पण त्याला एक अट आहे. ती माणसे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखी निवडलेली हवीत, म्हणजे सर्वांची यादी आधी हाती हवी. जीन्सच्या गाळ्यांत काम करणाऱ्या बायांची यादी कोणाकडे आहे? महानगरपालिकेकडे नाही, कामगार खात्याकडे नाही, शेठकडेही नाही. यादी नसताना ओळखीच्या तीन गल्ल्यांतून ३८४ फॉर्म आणले, तर तो आकडा नुसता देवळातल्या घंटेसारखा. वाजतो मोठा, पण कोणाच्या घरचे काही सांगत नाही.

तिने काय केले ते सांगतो, कारण इथे बसलेल्यांना उपयोगी पडेल. एका कॅम्पाचा एक भाग घेतला, गल्ली-गल्ली फिरून मशिनींचे गाळे स्वतः मोजले, वहीत नकाशा काढला. मग त्या यादीतून ठराविक अंतराने गाळे निवडले. बायांना गाळ्यात न विचारता घरी, संध्याकाळी, पाणी भरून झाल्यावर विचारले. समाधानाची विधाने चाळिसातून नऊवर आली आणि नग, भाव, बिनकामाचे दिवस, उचल हे रकाने वाढले. मार्गदर्शकांनी प्रथम नाराजी दाखवली, मग नकाशा पाहिला आणि होकार दिला.

आता माझा स्वतःचा गुन्हा कबूल करतो. बँकेच्या शाखा रिझर्व्ह बँकेला दर वर्षी ३१ मार्चच्या स्थितीचे एक विवरण पाठवीत. त्याला बी.एस.आर. म्हणतात, आणि ही पद्धत १९७२ पासूनची आहे. प्रत्येक कर्जखात्यापुढे कर्जदाराच्या व्यवसायाचा संकेतांक घालायचा असतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मार्च अखेरीला रात्री नऊ वाजता, पुढ्यात गठ्ठा आणि मागे शेवटची लोकल, अशा वेळी शिलाई मशिनींसाठी कर्ज घेतलेल्या माणसाला मी किरकोळ व्यापाराचा संकेतांक देऊन मोकळा झालेलो आहे. एकदा नाही. भाची पुढे रिझर्व्ह बँकेच्या प्रकाशनातला व्यवसायवार कर्जाचा तक्ता घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, हे तर सरकारी आकडे, यात काय चूक असणार?" मी मनात चरकलो. म्हणालो, "बाई, त्या तक्त्यात कुठेतरी तुझा मामा बसलेला आहे."

म्हणून मी मुलांना सांगतो, छापील आकड्यालाही विचारा की तुला कोणी भरले, कुठे बसून आणि कोणत्या घाईत. पगारी अर्थतज्ज्ञ हे विसरतात. आपल्या मुलांनी विसरू नये, कारण फॉर्म भरणारे आणि फॉर्ममध्ये भरले जाणारे दोघेही आपल्याच घरचे आहेत.

हे सर्व बोलताना बाबासाहेबांकडे वळणे भागच आहे. आपण त्यांच्या पदव्या पाठ म्हणतो, एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. पण त्या पदव्यांसाठी त्यांचे जे शिक्षण झाले, त्याकडे आपले लक्ष जात नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात गेले, वय बावीस. तीन वर्षांत त्यांनी तिथे अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले. शिवाय इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन. आमच्या मुलांना आज पीएच.डी.च्या सुरुवातीला किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम असतो, आणि तोही कधी संपतो म्हणून ती दिवस मोजतात!

त्यांचे कोलंबियातले प्रमुख गुरू एडविन सेलिग्मन, सार्वजनिक वित्तव्यवहाराचे मोठे पंडित. त्यांच्या हाताखाली बाबासाहेबांनी हिंदुस्थानातील प्रांतांच्या वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. विषय ऐकायला रुक्ष आहे. मध्यवर्ती सरकारने प्रांतांना पैसा कसा द्यावा? १८७१ पासून ठोक नेमणूक, १८७७ पासून ठराविक उत्पन्ने तोडून देणे, १८८२ पासून उत्पन्नात वाटणी, असे टप्पे त्यांनी सरकारी अंदाजपत्रके चाळून मांडले. एकेक टप्पा, एकेक तक्ता. दलितांच्या मुक्तीची तळमळ ज्याच्या उरात होती, असा तरुण न्यूयॉर्कमध्ये बसून मुंबई इलाख्याच्या जमाखर्चाची बेरीज करीत होता. मला हे त्यांच्या मोठ्या भाषणांइतकेच भारावून टाकते.

आणि उशीर म्हणाल तर ऐका. प्रबंध १९१६ साली सादर झाला. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपून परत येताना त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती टॉर्पेडोच्या माऱ्यात बुडाली. त्यात प्रबंधाचे हस्तलिखितही गेले, असे त्यांनी सेलिग्मन यांना पत्राने कळविले. पदवीसाठी प्रबंध छापून देण्याचा कोलंबियाचा नियम होता. तो ग्रंथरूपाने १९२५ साली लंडनमध्ये निघाला, सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह, सयाजीरावांना अर्पण केलेला, आणि पीएच.डी. रीतसर मिळाली १९२७ मध्ये. अकरा वर्षे. आपल्या मुलांना सहा वर्षांची मुदत असते आणि चौथ्या वर्षी घरचे विचारतात, "झालं का?"

लंडनचा डी.एस्सी.चा प्रबंध तर परत आला. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवून, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध १९२२ च्या ऑक्टोबरात सादर केला. १९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांनी पुन्हा लिहायला सांगितले. सरकारच्या चलनधोरणावरची टीका त्यांना झोंबली, असे चरित्रकार सांगतात. जवळचे पैसे संपले होते. ते मुंबईला आले, इथे बसून मांडणी दुरुस्त केली, निष्कर्ष सोडले नाहीत, आणि प्रबंध परत पाठवला. त्याच वर्षी तो मान्य झाला आणि डिसेंबरात ग्रंथ छापून निघाला. परीक्षकाचा शेरा आला म्हणून पीएच.डी. सोडलेली दोन मुले मला माहीत आहेत. त्यांना मी दोष देत नाही. त्यांना हे कोणी सांगितले नव्हते.

त्या ग्रंथाची गोष्ट बँकवाला म्हणून जरा सांगतो. रुपया मूळचा चांदीचा. १८९३ मध्ये सरकारने चांदी आणून रुपये पाडून घेण्याची लोकांची मुभा बंद केली. पुढे रुपयाचा दर सोन्याच्या पौंडाशी बांधला, पण देशात सोन्याचे चलन आले नाही. याला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणत. केन्स यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात या व्यवस्थेची बाजू घेतली होती. बाबासाहेबांचा आक्षेप असा की, यात रुपये किती काढायचे यावर सरकारला पक्का लगाम राहत नाही. रुपये वाढले की महागाई, आणि महागाईत पहिला भरडला जातो तो ठराविक मजुरी मिळवणारा. लगाम हवा, चलनाला मर्यादा हवी. त्यांचे लंडनमधले गुरू एडविन कॅनन यांनी प्रस्तावनेत साफ लिहिले की, यातले बहुतेक युक्तिवाद मला मान्य नाहीत, तरी काही घाव नेमके बसले आहेत आणि विचारांत ताजेपणा आहे. शिष्याचे म्हणणे न पटूनही प्रस्तावना लिहिणारा गुरू, आणि गुरूला न पटलेले म्हणणे तसेच ठेवणारा शिष्य! आमच्याकडे मार्गदर्शकाच्या पिशव्या उचलणे हा अभ्यासक्रमाचा भाग समजतात.

आता एक नाजूक गोष्ट. 'रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या या ग्रंथावरून स्थापन झाली' हे वाक्य आपण सर्वच म्हणतो. मीही १४ एप्रिलच्या व्यासपीठावरून अनेकदा म्हटले आहे. भाचीने मला विचारले, "मामा, याचं व्हाउचर?" मी पुस्तके काढून बसलो. ग्रंथ १९२३ चा. हिल्टन यंग आयोगापुढे बाबासाहेबांची साक्ष १५ डिसेंबर १९२५ ची. आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली १९२६ मध्ये, कायदा झाला १९३४ मध्ये, बँक उघडली १ एप्रिल १९३५ रोजी. तारखा ओळीने लागतात, पण एकीतून दुसरी निघाली हे तारखांवरून ठरत नाही. साक्षीतले निवेदन मुख्यतः सुवर्ण विनिमय परिमाणाविरुद्ध आणि रुपयाच्या दराविषयी आहे. तेव्हा ते वाक्य मी आता म्हणत नाही. मी म्हणतो, बत्तीस वर्षांच्या महाराच्या मुलाने केन्सचे म्हणणे आकड्यांनिशी खोडायला घेतले आणि आयोगाला त्याची साक्ष घ्यावी लागली. याचे व्हाउचर माझ्याकडे आहे. (सभेत हे बोललो तेव्हा मागच्या रांगेतून नापसंतीचा आवाज आला. छापताना काढावे असाही सल्ला मिळाला. मी ते ठेवले आहे. ज्यांच्याकडे वेगळा कागद असेल त्यांनी दाखवावा, मी पुढच्या स्मरणिकेत दुरुस्ती करीन.)

नियमांबद्दल थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम पालकांनीही वाचावेत. किमान तीन वर्षे, कमाल सहा, स्त्रियांना दोन वर्षे अधिक. दर सहामाहीला सल्लागार समितीपुढे काम मांडायचे. शोधनिबंध पैसे भरून कुठेही छापून आणायची सक्ती आता राहिलेली नाही, हे बरे झाले. संशोधनाची आणि प्रकाशनाची नीती हा विषय अभ्यासक्रमात आहे. तो शिकत असतानाच 'तक्ते करून देतो, प्रकरणे लिहून देतो' म्हणणारे लोक मुलांना फोन करतात. एकाने भाचीला दर सांगितला, तोही पानाच्या हिशेबाने. ती म्हणाली, माझ्या बायांना नगावर मिळते त्यापेक्षा हा भाव बराच आहे.

पैशाचा प्रश्न खरा आहे. नेटच्या कनिष्ठ अधिछात्रवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली, पण ती सर्वांना मिळत नाही. त्याच वर्षी बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी आपली मुले आझाद मैदानात बसली होती, आणि डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात, पीएच.डी. करून ही मुले काय करणार, अशा अर्थाचा सवालही निघाला. त्याला घोषणांनी उत्तर दिले गेले, ते योग्यच. पण चांगल्या प्रबंधाने दिलेले उत्तर अधिक टिकते.

आणि विषय दूर कशाला शोधायचे? धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे पुणे शहराची घरोघर पाहणी करविली. तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये छापून निघाले. कोण काय कमावतो, कोणत्या जातीचा कोणत्या धंद्यात आहे, हे त्यात आहे. आमच्या तीन गावांची अशी पाहणी माझ्या वाचनात नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार किती वर्षे 'तात्पुरता' राहतो? बदलापूरची बाई रोज किती तास लोकलमध्ये घालवते आणि तो वेळ कोणत्या हिशेबात धरला जातो? महिला मंडळाच्या भिशीत व्याज किती पडते, आणि बँक दारात असताना भिशी का चालते? शेवटचा प्रश्न मला विचारू नका, मी बँकेचा माणूस आहे.

एक योजना मांडून थांबतो. दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, म्हणून मी मोकळा असतो. चौथ्या शनिवारी दुपारी तीन वाजता आपल्या अभ्यासिकेत जमायचे. पीएच.डी. करणाऱ्या एकाने आपले दहा पानांचे काम वाचायचे आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला विचारायचे, 'कशावरून?' चहा माझ्याकडून. 'शोधगंगा'वर देशभरातले प्रबंध फुकट वाचता येतात, त्यातला एक दर वेळी उघडून त्याचे तक्ते तपासायचे. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा सहावा खंड, ज्यात हे सर्व अर्थशास्त्रीय लेखन आहे, तो आपल्या काचेच्या कपाटात १४ एप्रिलला हार घालण्यापुरता बाहेर येतो. त्याची पाने मी परवा पाहिली, अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. तो आणि पहिला खंड, ज्यात लहान शेतजमिनींवरचा १९१८ चा निबंध आहे, हे दोन्ही टेबलावर ठेवावेत.

वहीवाल्या बाईंना मी पहिल्या शनिवारचे आमंत्रण दिले आहे. भाची त्या दिवशी तिचे तिसरे प्रकरण वाचणार आहे आणि बाई म्हणाल्या आहेत की, माल नसेल तर येईन. कपाटाची किल्ली खजिनदारांकडे आहे, ती तेवढी त्या दिवशी वेळेवर मिळावी, अशी अध्यक्ष महोदयांना विनंती करतो.

जयभीम. नमो बुद्धाय.